विचारपूस



संमेलनाच्या अध्यक्षाने मराठीच्या भवितव्याची काळजी वाहावी, असा रिवाज आहे. महाराष्ट्राबाहेर तर ती दुप्पट वाहावी लागते. आज मी त्या कामातून सुट्टी घेतो. कुणी स्वतःला गंभीर आजार झाल्याचे सांगितले, की आपण काय बोलतो, हा प्रश्न बरेच दिवस माझ्या डोक्यात आहे. भाषेवर प्रेम करणाऱ्यांच्या सभेतच तो मांडायला हवा.

या सभागृहाबाहेर पडलात की उज्जैनचे फ्रीगंज, आणि तिथला टावर चौक. संध्याकाळी निम्मे शहर तिथे फिरकते. असल्या बातम्या बैठकीत, पाट-चौरंग मांडून कुणी सांगत नाही. त्या अशा चौकातच कळतात. आपण सहज विचारतो, “कुठे होतात इतके दिवस?” समोरचा माणूस म्हणतो, “इंदूरला तपासण्या चालल्या होत्या. गाठ निघाली. आता मुंबईला, टाटा हॉस्पिटलला जायचंय.” मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत असतो आणि आपल्या हातात भाजीची पिशवी असते.

मग आपण बोलतो. “अहो, काही होत नाही, आता सगळ्यावर इलाज आहे.” “आमच्या साडूंना हेच होतं,” आणि साडूंचे पुढे काय झाले ते आठवून जीभ चावतो. “तंबाखू खायचात का?” “एक वैद्य आहेत, पुडी देतात, आधी त्यांना दाखवा.” आणि आपल्या गावचे हुकमी वाक्य : “महाकाल बघून घेईल.” या शेवटच्या वाक्याला मी हसणार नाही. श्रद्धा असलेल्याने श्रद्धा असलेल्याला, तिथेच थांबून म्हटले तर त्याचा आधार मोठा असतो. स्कूटरला किक मारता मारता म्हटले, तर तो निव्वळ निरोप असतो.

ही सगळी वाक्ये प्रेमापोटीच येतात, पण प्रत्येकात विषय मिटवण्याची घाई असते. मग उलटेच घडते. आजारी माणूसच आपली समजूत घालू लागतो : “नाही नाही, घाबरण्यासारखं काही नाही.” आपण सुटकेचा श्वास टाकतो. त्याला जे सांगायचे होते ते त्याच्यापाशीच राहते.

मृत्यूनंतर काय बोलायचे, हे परंपरेने आपल्याला शिकवले आहे. दहा दिवसांत कोण येणार, कुठे बसणार, किती बोलणार, सगळे ठरलेले. बारशाचे आणि लग्नाचेही तसेच. पण निदान झाल्यापासून पुढचे जे महिने असतात, कधी वर्षे असतात, त्यांच्यासाठी कसलीच रीत नाही. तिथे प्रत्येकाला आपले आपण बोलावे लागते.

या गावात हे बोलताना मुक्तिबोधांचे नाव टाळता येत नाही. गजानन माधव मुक्तिबोध घरात मराठी बोलणारे आणि हिंदीत लिहिणारे. त्यांच्या जडणघडणीची काही वर्षे उज्जैनमध्ये गेली. प्रभाकर माचवे इथल्या माधव कॉलेजात शिकवत. १९४३च्या ‘तार सप्तक’ या हिंदी कवितासंकलनात हे दोघेही मराठी घरांतले कवी आहेत. १९६४ मध्ये मुक्तिबोधांना पक्षाघाताने गाठले. राजनांदगावहून भोपाळचे हमीदिया रुग्णालय, तिथून दिल्लीचे एम्स. हिंदी लेखक हरिशंकर परसाईंसारखे मित्र धावले, लेखकांनी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपर्यंत शब्द टाकला, उपचारांची सोय झाली. ११ सप्टेंबरला ते गेले. वय सेहेचाळीस. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्यानंतर प्रसिद्ध झाला.

त्या मित्रांविषयी मला आदर आहे. त्यांनी नुसते हळहळण्याऐवजी डॉक्टर, गाडी, खाट, पैसा बघितला. अस्वस्थ करते ते दुसरेच. या कवीच्या थोरवीची हिंदीत जी मोठी चर्चा झाली, तिला खरा जोर चढला तो त्यांच्या शेवटच्या आजारात आणि नंतर. मुक्तिबोध तेव्हा ते ऐकण्याच्या स्थितीत नव्हते. आपल्याकडेही गौरव अंक बहुधा उशिरा निघतात. ज्याला सांगायचे, त्याला ऐकू येतेय तोवर सांगायला आपल्याला संकोच वाटतो; “तुमच्या अमुक पुस्तकाने मला सावरलं” असे आत्ता म्हटले तर निरोपासारखे वाटेल, ही भीती. वाटू दे की! पुस्तक लिहिणाऱ्याला ते आवडते, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

आपली वर्तमानपत्रेही आजाराला कायम रणांगणावर नेतात : कर्करोगाशी झुंज, झुंज अपयशी. अमेरिकी लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९७८ मध्येच, स्वतः कर्करोगाचे उपचार घेतल्यावर, आजारावर चढवलेल्या अशा रूपकांची झाडाझडती घेतली होती. ज्याची गाठ औषधाला दाद देत नाही, तो काय कमी शूर असतो? “तुम्ही लढवय्ये आहात” हे ऐकले की त्याला रडण्याचीही चोरी होते.

आणि घरातली ती कुजबूज : “बाबांना सांगू नका हं.” बाबांना बहुतेक वेळा कळलेले असते. तेही आईला सांगू नका म्हणतात. एकाच घरात दोघे एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत असतात. रॉबर्ट बकमन हे कर्करोगतज्ज्ञ. काय बोलावे ते सुचत नाही, अशा अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक त्यांनी १९८८ मध्ये लिहिले. वाईट बातमी कशी सांगावी याची रीत त्यांनी सहकाऱ्यांबरोबर पुढे डॉक्टरांसाठी बांधली. त्या रीतीत सांगण्याआधी विचारणे येते : तुम्हाला आतापर्यंत काय समजले आहे, आणि किती जाणून घ्यायचे आहे? हे नातेवाइकांनाही जमण्यासारखे आहे.

चौकातही तेच करावे. आधी रस्त्याच्या कडेला व्हावे. “घरी कुणाकुणाला माहीत आहे?” हे विचारून घ्यावे, म्हणजे आपल्या तोंडून भलतीकडे फुटत नाही. “काय बोलू सुचत नाही, पण मी ऐकतोय,” हे वाक्य पूर्ण मराठी आहे आणि पुरेसे आहे. “काही लागलं तर सांगा” म्हणू नये. सांगायला कुणी येत नाही. त्यापेक्षा विचारावे, “मुंबईच्या अवंतिका एक्स्प्रेसचं तिकीट झालं का? स्टेशनवर मी सोडतो.” मुंबईत कुठे उतरणार, ते विचारावे. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे; टाटाला येणाऱ्या गरीब रुग्णांना नि त्यांच्यासोबतच्या माणसांना तिचा आधार असतो. ही माहिती पुडीवाल्या वैद्याच्या पत्त्यापेक्षा उपयोगाची आहे. गाडगेबाबांचे कीर्तनही प्रश्न विचारत विचारतच चाले, हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

विचारणाऱ्यांची गर्दी पहिल्या आठवड्यात होते. तिसऱ्या केमोपर्यंत फोन थंडावतात. तोवर तोंडाची चव गेलेली असते, केस गेलेले असतात आणि दिवस लांबलचक वाटतो. तेव्हा फोन करावा. रिपोर्टचे आकडे विचारू नयेत, ते सांगून सांगून घरचे थकलेले असतात. गावातल्या गमती सांगाव्यात, कुणाचे कुणाशी वाजले ते सांगावे, संमेलनात कुणाचे भाषण फार लांबले तेही सांगावे. माझे नाव घेतलेत तरी माझी हरकत नाही.