अक्षरांचे शिल्पकार



ग्रामपंचायतीच्या फलकावरील सूचना दाटीवाटीने लिहिलेली असली, तर ती वाचण्यास कोणी थांबत नाही. आणि न वाचलेली सूचना ही न दिलेल्या सूचनेसारखीच होय. म्हणून अक्षररचना हा केवळ सौंदर्याचा नव्हे, लोकहिताचाही विषय आहे.

कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी हा विषय आयुष्यभर जोपासला. मुंबईत उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन त्यांनी प्रथम जाहिरात क्षेत्रात काम केले. १९८३ पासून पवईच्या आयआयटीत अध्यापन केले. लेखणीत रमणारा हा कलावंत पुढे संगणकाकडे वळला. देवनागरीतील ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, दिसते मात्र त्याच्या आधी. रफार पुढील अक्षराच्या माथ्यावर चढतो. हे सारे यंत्राला शिकवावे लागते. अशा परिश्रमांतून त्यांचा ‘मंगल’ हा अक्षरसंच सिद्ध झाला. विंडोज प्रणालीबरोबर तो असंख्य कार्यालयांत पोहोचला. कर्त्याचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक झाले.

अच्युत पालव यांनी मोडी लिपीच्या अभ्यासातून सुलेखनाची निराळी वाट शोधली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वाटा दोन, पण प्रारंभ एकच : जुन्या अक्षराचे मनःपूर्वक निरीक्षण.

शाळेच्या फळ्यापासून पंचायतीच्या फलकापर्यंत हीच दृष्टी हवी. मसुदा मंजूर झाला म्हणजे काम संपले असे मानू नये. सूचना लावल्यावर चार पावले मागे सरावे आणि गावातील एखाद्या वृद्धाला विचारावे, ‘आजोबा, वाचता येते ना?’ त्यांचे उत्तर हीच त्या अक्षरांची खरी परीक्षा.