हंडा भरतो तेव्हा सूर चढतो

गटाच्या बैठकीत आपण हप्ता, कर्ज, शेळ्या, शिलाई हेच बोलतो. आज मी लेकरांच्या गाण्याबद्दल बोलणार आहे.

मी चौथीत होते. पंधरा ऑगस्टच्या समूहगीताचा सराव चालला होता. मला सांगण्यात आलं, "तू नुसते ओठ हलव." मी हलवले. त्यानंतर मी चारचौघांत कधी गायलेच नाही. लेकीला अंगाईसुद्धा म्हटली ती दार लावून. मागच्या वर्षी तीच लेक दुसरीतून घरी आली आणि म्हणाली, "आई, मी बेसूर आहे का गं?" मग मात्र राहवेना.

आमच्या गटातल्या एक मावशी भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांच्याकडे तिला नेलं. मावशींनी पेटीला हातच लावला नाही. "तुझं आवडतं गाणं म्हण," म्हणाल्या. तिनं राज्यगीत म्हटलं. २०२३ पासून शाळेत ते रोज असतं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा खडा आवाज. मावशींनी तिचा आवाज पेटीवर शोधला, तिथून सूर दिला आणि पोरगी सरळ गायली.

घोटाळा पट्टीचा होता. पुरुषांची पट्टी काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास असते, बायकांची काळी चार-पाचच्या. लहान लेकरांचा गळा आपल्यासारखा, मग मुलगा असो की मुलगी. पुरुषाच्या पट्टीत ते गायला गेलं की खाली सूर लागत नाही, वर ओरडावं लागतं. आपण म्हणतो, बेसूर!

दुसरी गोष्ट. लेकराला "आवाज चढव" म्हटलं की ते मोठ्यानं ओरडतं. मोठा आवाज वेगळा, उंच आवाज वेगळा. हे समजवायला पेटी कशाला? टँकरवर हंडा भरताना कान द्या. पाणी चढतं तसा आवाज बारीक, उंच होत जातो. हंड्यातली हवेची जागा कमी होते म्हणून. पाठ फिरवून उभी असलेली बाईसुद्धा ओळखते की भरत आला. तो आवाज लेकरांना तोंडानं काढायला लावा, सूर कसा चढतो ते त्यांना कळतं. मग काचेचे चार ग्लास घ्या, कमी-जास्त पाणी भरा, चमच्यानं हळूच वाजवा. इथं उलटं होतं, जास्त पाण्याच्या ग्लासाचा सूर खाली जातो. आमची पोरं यावर तासभर भांडली. जलतरंग हे वाद्य याच तत्त्वावर चालतं.

तालासाठी तर आपल्या जिल्ह्याला लांब जायला नको. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं गाव. मनाचे श्लोक पुष्कळ घरांत म्हटले जातात. त्यांचं वृत्त भुजंगप्रयात: एक आखूड, दोन लांब, असं ओळीत चारदा. ल-गा-गा, ल-गा-गा. आखूडला चुटकी, लांबला टाळी. पहिलीतलं पोरही दोन दिवसांत लय धरतं. नंतर दादऱ्याच्या सहा मात्रा आणि केरव्याच्या आठ, बोटांवर मोजून. सा रे ग म मागाहून. मला विचाराल तर ते आधी शिकवणं म्हणजे बोलायच्या आधी बाराखडी घोकणं.

आणि गाणं कोणतं? आजीची जात्यावरची ओवी. ती बहुतेक चार-पाच स्वरांतच फिरते, छोट्या गळ्याला झेपते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या सासवांनाही त्या येतात. विचारल्याशिवाय त्या सांगत नाहीत, एवढंच.

आता दर शनिवारी मावशी आणि गटातल्या दोघीजणी शाळेत जातात. ऊसतोडीला गेलेल्या घरांतली, आजीजवळ राहिलेली लेकरं सगळ्यात आधी येऊन बसतात. त्यांना ओव्या जास्त येतात. तिथं एकच नियम केलाय: कुणालाही ओठ हलवायला सांगायचं नाही. ज्याला सूर सापडत नाही त्याच्यापाशी मावशी बसतात आणि त्याच्या सुरात आपला सूर मिळवतात.

परवा त्यांनी मलाही बसवलं. माझी काळी चार निघाली.