वॉर्डातील उमेदवारी



‘उमेदवारी’ हा शब्द उच्चारला की हल्ली ऐकणाऱ्याला निवडणुकीचे तिकीट आठवते. आम्हांला मात्र कानस, पाना आणि तेलकट चिंध्या आठवतात. कारखान्यात शिरणारा पोरगा उमेदवार म्हणून शिरे. मिस्त्रीच्या हाताखाली राहायचे, पहिले सहा महिने त्याचा चहा आणायचा, हत्यारे पुसून ठेवायची, आणि एके दिवशी मिस्त्रीच्या मनात आले की कानस आपल्या हातात पडायची. आमचे शिक्षण जे काही झाले ते असेच झाले. शाळेशी आमचे फार दिवस जमले नाही. तेव्हा उमेदवारीविषयी आम्ही भाबडेपणाने बोलणार नाही. तिच्यात माणूस शिकतो हे आम्ही पाहिले आहे, आणि तिच्यात माणूस फुकट राबतो हेही पाहिले आहे. पुष्कळदा एकाच माणसाच्या बाबतीत, एकाच दिवशी.

या वाटेने रुग्णालयातील परिचारिका होता येईल काय, हा आजचा विषय. तो आम्हांला कोणा पुस्तकाने दिला नाही. एका बाईने दिला.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मोठ्या रुग्णालयातील चतुर्थ श्रेणीच्या कामगारांची सभा सायकल स्टँडवर भरली होती. सकाळची पाळी सुटलेली, दुपारची चढलेली. मागण्या नेहमीच्याच: साबण, गमबूट, हातमोजे, थकलेली बाकी. शस्त्रक्रियेच्या वॉर्डातील एक मावशी उभी राहिली. येथे एक सांगितले पाहिजे. रुग्णालयात आया म्हणून लागलेली बाई पंचवीस वर्षांची असो की पंचावन्न, ती पहिल्या दिवसापासून ‘मावशी’ होते, वॉर्डबॉय ‘मामा’ होतो, आणि परिचारिका ‘सिस्टर’. तिन्ही नाती घरचीच, पण मावशी आणि सिस्टर यांच्यामध्ये जी भिंत आहे ती आम्ही कोणत्याही कारखान्यात मिस्त्री आणि हेल्पर यांच्यामध्ये पाहिली नाही. असो. ही मावशी छत्तिशीची, दहावी पास. ती म्हणाली, “भाऊ, साबण मागा, गमबूट मागा, सगळं मागा. पण मी अजून वीस वर्षं भांडीच उचलायची का? कॉलेजातल्या पोरी येतात, पेशंटला कुशीवर कसं वळवायचं ते त्यांना मी दाखवते, आणि तीन वर्षांनी त्या सिस्टर होतात. मी तिथंच.”

आम्ही म्हणालो, “मावशी, मग तुम्हीही शिका.”

ती म्हणाली, “कधी शिकू? पगार सोडून?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. लाजेची गोष्ट ही की, इतकी वर्षे संघटनेचे काम करूनही हा प्रश्न आमच्या मागणीपत्रात कधी आला नव्हता. आम्ही मावशीसाठी जास्त पगाराची मावशी होण्याचा हक्क मागत आलो. ती दुसरे काही होऊ शकेल असे आमच्याही मनात नव्हते.

त्यानंतर आम्ही हा विषय शोधू लागलो, तेव्हा कळले की परिचारिकेचे आधुनिक शिक्षण उमेदवारीतूनच जन्मले आहे. १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने जमलेल्या निधीतून लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात शाळा निघाली. तेथे येणाऱ्या मुलींना राहणे, जेवण, गणवेश आणि वर्षाला १० पौंड मिळत. वर्षभर वॉर्डात काम करीत शिकायचे आणि पुढे ठरलेली नोकरी करायची. लौकरच तेथे दुसरा एक वर्ग आला: स्वतःचा खर्च स्वतः भरणाऱ्या, चांगल्या घरच्या स्त्रियांचा. मेट्रन व्हायच्या त्या बहुतेक यांच्यातून. म्हणजे उमेदवारीला आरंभापासूनच दोन दारे होती, आणि कोणते दार कोठे जाते हे आत शिरतानाच ठरत असे.

आपल्याकडे ही पद्धत इंग्रजी रुग्णालयांबरोबर आणि मिशनऱ्यांबरोबर आली. येथे अडचण निराळी होती. परक्याचे अंग पुसणे, विटाळ काढणे ही कामे ‘चांगल्या’ घरच्या बाईने करायची नाहीत, हा आमच्या समाजाचा दंडक. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि ज्यांच्यामुळे आज आम्हांसारख्या माणसालाही या मंचावर उभे राहता येते, त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी हा दंडक मोडायला हात घातला. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले आणि तेथून स्त्रिया, विशेषतः विधवा, ससून रुग्णालयात परिचारिकेचे काम शिकायला जाऊ लागल्या. घरात डोके खाली घालून बसलेल्या बाईला स्वतःच्या मिळकतीची वाट वॉर्डातून सापडली. उमेदवारीची ही बाजू आम्ही कधी विसरत नाही.

पण दुसरी बाजूही त्याच वॉर्डात होती. रुग्णालयांच्या ध्यानात आले की शिकाऊ मुलगी हा स्वस्त हात आहे. ती वसतिगृहात राहते, बाराही तास हाकेच्या अंतरावर असते, आणि ‘शिकते आहे’ म्हणून तिला पगार मागता येत नाही. व्याख्यानाची वेळ झाली आणि वॉर्डात गर्दी असली की व्याख्यान बुडे, वॉर्ड बुडत नसे. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा अखंड हिंदुस्थानात नोंदलेल्या परिचारिका सुमारे ७,००० होत्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. परिचारिकांचे राहणे, कामाचे तास आणि वेतन यांविषयी समितीने कडक शब्द वापरले. त्याच वर्षी दिल्लीत आणि वेल्लोरला परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, आणि १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. शिक्षण वॉर्डाच्या रजिस्टरातून काढून शाळेच्या हजेरीपटात न्यायचे, हा त्यामागचा विचार होता.

तो विचार चूक होता असे आम्ही म्हणणार नाही. परिचर्या महाविद्यालयात शिकविणाऱ्या एका बाईंशी आमचा एकदा कडाक्याचा वाद झाला. त्या म्हणाल्या, “तुम्ही मावशीला सिस्टर करायला निघालात, म्हणजे आमच्या मुलींनी चाळीस वर्षे भांडून मिळविलेले तुम्ही एका ठरावात घालवणार.” आम्ही रागावलो, घरी आल्यावर विचार केला. मावशीला पुष्कळ कळते, हे खरेच आहे. बडबडणारा रोगी एकाएकी गप्प झाला तर काही तरी बिघडले, हे तिला आधी कळते. २०२० च्या साथीत नातेवाइकांना वॉर्डात मज्जाव होता, तेव्हा कोण जेवले नाही, कोणाच्या ओठांचा रंग बदलला, हे कितीदा तरी तिनेच सिस्टरला सांगितले. पण सलाइनमध्ये घातलेले पोटॅशियम भरभर गेले तर हृदय बंद पडू शकते, आणि म्हणून थेंब मोजायचे असतात, हे नुसते पाहून कळत नाही. त्याला शरीरशास्त्र लागते, औषधांचे गणित लागते, बसून वाचायला वेळ लागतो. बाईंचे भय खरे होते. उमेदवारीच्या नावाखाली अर्धीकच्ची, कमी पगाराची परिचारिका कोणी निर्माण करणार असेल, तर त्या बाईंच्या शेजारी पहिला झेंडा आमचा राहील.

मग वाट कोणती? ती पाहण्यासाठी पुन्हा इंग्लंडकडे जावे लागते, कारण ज्या देशातून उमेदवारी आपल्याकडे आली तेथे ती मोडून पुन्हा बांधावी लागली आहे. १९८९ पासून तेथे परिचारिकांचे शिक्षण रुग्णालयांतून उच्च शिक्षणसंस्थांत गेले. शिकणाऱ्या मुलीला वॉर्डाच्या मनुष्यबळात धरायचे नाही, असे ठरले. २०१३ पासून नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला पदवी आवश्यक झाली. हे सारे चांगलेच झाले. पण २०१७ साली नव्या विद्यार्थिनींची शिष्यवृत्ती काढून घेण्यात आली आणि फी व कर्ज त्यांच्या अंगावर आले. ज्या बाईला मुले आहेत, घरभाडे आहे, जी दहा वर्षे सहायक म्हणून वॉर्डात काम करते आहे, तिला हे दार बंदच. थोडक्यात, आमची मावशी तेथेही आहे. फक्त तिचे नाव निराळे.

त्याच २०१७ साली तेथे पदवीच्या उमेदवारीला सुरुवात झाली. सहायक म्हणून काम करणारी बाई रुग्णालयाची नोकर राहते, तिचा पगार चालू राहतो, फी तिला भरावी लागत नाही, आणि साधारण चार वर्षांत तीच पदवी, तीच नोंदणी तिला मिळते. २०१८ च्या प्रमाणांनुसार ४,६०० तास: निम्मे अभ्यासाचे, निम्मे प्रत्यक्ष कामाचे. कॉलेजातल्या मुलीइतकेच, एक तास कमी नाही. पैशासाठी मोठ्या मालकांवर २०१७ च्या एप्रिलपासून पट्टी बसवली गेली: पगाराची वार्षिक बेरीज ३० लाख पौंडांपेक्षा अधिक असेल तर अर्धा टक्का.

कागदावर योजना उत्तम. तरीही पहिल्या वर्षांत उमेदवार फारच थोडे निघाले. कारण पट्टीच्या पैशातून शिकवणी देता येई, पण शिकायला गेलेल्या बाईचा पगार किंवा तिच्या जागी आणलेल्या माणसाचा पगार देता येत नसे. ती अभ्यासाला गेली की वॉर्डात तिची पाळी रिकामी. ती कोणी भरायची? २०१८ साली पार्लमेंटच्या शिक्षण समितीने याच खर्चावर बोट ठेवले. २०२० साली सरकारने प्रत्येक उमेदवारामागे वर्षाला ८,३०० पौंड मालकाला देऊ केले, ते या रिकाम्या पाळीसाठीच. हे वाचले तेव्हा आम्हांला सायकल स्टँडवरचा तो प्रश्न आठवला.

आणखी एक बारकावा. परिचारिकेच्या उमेदवाराला, शिकण्याच्या तासांत, वॉर्डाच्या मनुष्यबळात मोजायचे नाही असा तेथील नोंदणी परिषदेचा नियम आहे. पण दोन वर्षांत तयार होणारी, मधल्या पायरीची जी ‘नर्सिंग असोसिएट’ आहे, जिची नोंदणी २०१९ च्या जानेवारीपासून सुरू झाली, तिच्या बाबतीत सवलत ठेवली: तिला मोजले तरी चालेल, शिकण्याचा ठरावीक वेळ राखून ठेवा म्हणजे झाले. संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाला असा ‘राखलेला वेळ’ पाहिला की घाम फुटतो. वॉर्डात पंचेचाळीस रोगी आणि दोन सिस्टर असताना राखलेला वेळ कोण राखणार?

आता घरी या. आपल्याकडे शिडीच्या वरच्या पायऱ्या आहेत. ए.एन.एम. झालेल्या बाईला पुढे जी.एन.एम. करता येते, जी.एन.एम. झालेलीला दोन वर्षांत पदवी घेता येते. तळची पायरी मात्र नाही. ए.एन.एम.ला बारावी पाहिजे, आणि दिवसभराचा अभ्यास. मावशीला दोन्ही परवडत नाहीत. रुग्णसहायकाचे कौशल्य-प्रमाणपत्र मिळते, त्यासाठी शिकाऊ उमेदवार घेतले जातात, पण ते प्रमाणपत्र परिचारिकांच्या नोंदवहीपर्यंत कोणाला नेत नाही. आणि उमेदवार म्हटले की १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला. त्याचे अठरावे कलम सांगते की उमेदवार हा कामगार नव्हे. सुरक्षा, अपघाताची भरपाई अशी काही कलमे सोडली तर कामगार कायदे त्याला नाहीत. आमच्या कारखान्यांत या कलमाच्या आडून काय काय चालले हे आम्ही जाणतो. मावशी या दाराने शिरली तर तिची आजची नोकरी आणि सेवाज्येष्ठता यांवर आधीच पाणी सुटले.

म्हणून आमची मागणी अशी की तिने नोकरीत राहूनच शिकावे. आधी बारावी, मग परिचर्येची शाळा, पगार चालू, ज्येष्ठता चालू, अभ्यासक्रमात एका तासाचीही सूट नाही. आणि दहा मावश्या शाळेत गेल्या तर वॉर्डात दहा नवी माणसे भरली पाहिजेत. व्यवस्थापनाचे अधिकारी म्हणतात, हा दुप्पट खर्च. खर्च आहेच. पण आज तो खर्च कोण भरते? वॉर्डात उरलेली दुसरी मावशी भरते, दोघींचे काम एकटीने करून. शिकवल्यावर काही वर्षे तेथेच नोकरी करावी, ही अट आम्ही मान्य करू. मूळ प्रमाणपत्रे कपाटात कोंडून ठेवणे मान्य करणार नाही. त्याविरुद्ध २०११-१२ मध्ये मुंबई, दिल्ली, केरळ येथील परिचारिका रस्त्यावर आल्या होत्या. खासगी रुग्णालयांचा प्रश्न आणखी बिकट. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० खाटांहून लहान रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा २०,००० रुपयांहून कमी देऊ नये, अशी शिफारस केली. ती किती ठिकाणी पाळली गेली हे सभेतील भगिनींना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. सिस्टर होऊनही मावशीएवढाच पगार मिळणार असेल, तर तिने चार-पाच वर्षे रात्रीचा दिवा कशासाठी जाळायचा?

हा मसुदा अजून बोलण्यांतच आहे. दोनदा परत आला. दोन्ही वेळा शेरा एकच: ‘रिक्त पाळीची तरतूद कशी?’ गेल्या महिन्यात आम्ही तो तिसऱ्यांदा लिहायला बसलो, तेव्हा त्या सायकल स्टँडवरच्या मावशीही आल्या होत्या. आता त्या पन्नाशीकडे झुकल्या आहेत. धाकटी मुलगी बारावीला आहे. मसुदा त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला आणि वयाच्या कलमावर बोट ठेवले.

“हे पस्तीस कोणी लिहिलं, भाऊ?”

आम्ही म्हणालो, “प्रवेशाच्या नियमांतले आहे.”

“त्यांच्या नियमात असू दे,” त्या म्हणाल्या. “आपल्या कागदावर कशाला?”

आम्ही ते खोडले.