एक तास राबला की बेकार नाही!
(देवळाली प्रवरा येथील युवक मेळाव्यातलं भाषण)

माझ्याकडे बी.ए.ची डिग्री आहे. मागच्या आठवड्यात मंगळवारी मी दोन तास कांद्याच्या गोण्या भरल्या, बाकी सहा दिवस नुसता बसून. सांगा, मी बेकार की कामावर?

सरकारी पाहणीत मी कामावर! चालू आठवड्याच्या मोजणीत सात दिवसांत एक तास जरी राबला तरी माणूस बेकारांतून बाद. 1970 मध्ये दांतवाला समितीनं सांगितलं, आपल्या देशातली बेकारी एका आकड्यात मावणार नाही. मग 1972-73 च्या पाहणीपासून वर्ष, आठवडा, दिवस अशी तीन मापं आली. दिवसाच्या मापात अर्धा रिकामा दिवसही धरत. तेवढं एक माप आपल्या जवळचं.

माझी आई ऊसतोडीला जाते. गळीत संपलं की कोयता आढ्याला, ती हंगामी बेकारी. एकाच्या वावरात चौघं राबतात, ती छुपी. पुस्तकात एवढं असतं. पण काम मागून मागून थकली आणि आता कामाला तयारच नाही असं म्हणाली, तर ती बेकार नाही, श्रमशक्तीबाहेर! म्हणजे निराश माणूस आकडा खाली आणतो, काय इलम आहे!

आणि गटारात उतरणारा? तोही आकड्यात नुसता 'कामावर'.

म्हणून रविवारी वही घेऊन आपली वस्ती आपणच मोजू. किती तास, किती रुपये, कसलं काम, आणि मागणं कधी सोडलं. पहिलं घर माझं घ्या.