शेतीचे संशोधन आणि भूमिहीनांचा दाखला

(ग्रामीण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका वकिलाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेतीविषयक संशोधन हा विषय कृषि महाविद्यालयात शोभावा असा आहे. तो भूमिहीनांच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न आपणांपैकी कित्येकांच्या मनात आला असेल. ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही त्याला बियाण्याच्या नव्या जातींशी आणि मातीच्या पृथक्करणाशी काय कर्तव्य? या प्रश्नाचे उत्तर मी प्रथमच देऊन ठेवतो. शेतीचे संशोधन म्हणजे केवळ पिकाचे संशोधन नव्हे. जमीन कोणाची, पाणी कोणाचे, श्रम कोणाचे आणि उत्पन्न कोणाच्या घरी जाते, या चार गोष्टींची मोजदाद हेही संशोधनच होय. ज्याची मोजदाद होते त्याची दाद लागते. ज्याची मोजदाद होत नाही तो कायद्यालाही दिसत नाही. वकिलीच्या व्यवसायात हा अनुभव नित्याचा आहे आणि म्हणूनच हा विषय मी मुद्दाम निवडला आहे.

आपल्या प्रांतात खेड्याचा शास्त्रीय पद्धतीने अभ्यास करण्याची प्रथा फार जुनी नाही. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली आणि ती १९१७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुढे १९२१ साली जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची दुसरी पाहणी प्रसिद्ध झाली. या पाहणीची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. गावाची जमीन कोणत्या पोताची, पाण्याचा निचरा कोठे होतो, विहिरी किती, येथून आरंभ करून पिके, जनावरे, कर्ज आणि प्रत्येक कुटुंबाची मिळकत येथपर्यंत त्यांनी हिशेब मांडला. माती आणि माणूस या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींपासून तोडल्या नाहीत. १७७१ साली त्या गावी सरासरी खाते चाळीस एकरांच्या घरात होते, ते १९१४-१५ साली सात एकरांवर आले. १५६ खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरलेली होती आणि बहुसंख्य खाती मालकाच्या कुटुंबाचे पोट भरण्यास असमर्थ होती, असे त्यांना आढळून आले. ‘खेडे सुखी आहे’ या गोड समजुतीला हा आकड्यांनी दिलेला पहिला धक्का होता. याच मॅनसाहेबांनी १९१२ साली पुणे शहरातील अस्पृश्य वर्गावर आणि १९१६ साली दख्खनच्या एका खेड्यातील महारांवर स्वतंत्र निबंध लिहिले, हेही आपण विसरता कामा नये. गावाचा हिशेब करावयाचा तर गावकुसाबाहेरच्या वस्तीचाही करावा लागतो, एवढे तरी त्या परक्या शास्त्रज्ञाला कळले होते.

तथापि आकडे गोळा करणे निराळे आणि त्या आकड्यांचा अर्थ लावणे निराळे. हे दुसरे काम १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केले. ‘भारतातील लहान शेतजमिनी व त्यांवरील उपाय’ या विषयावरील त्यांचा निबंध त्या वर्षी अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या काळचे सरकारी पंडित असे सांगत की, शेतीचे दुखणे म्हणजे जमिनीचे तुकडे. तुकडे जोडा की दुखणे बरे होईल. मुंबई इलाख्याचे शेती संचालक कीटिंग यांनी किफायतशीर शेताची व्याख्या केली होती, ती अशी की, ज्यावर शेतकऱ्याचे कुटुंब आवश्यक खर्च वजा जाता बऱ्यापैकी सुखाने राहू शकेल ते शेत किफायतशीर. बाबासाहेबांनी या व्याख्येच्या मुळावरच घाव घातला. शेत किती खाऊ घालते यावरून त्याची किफायत ठरत नाही. त्यावर किती भांडवल, किती अवजारे आणि किती श्रम लागतात आणि त्यांचे परस्परांशी प्रमाण काय, यावरून ती ठरते. अवजारे आणि बैल नसतील तर मोठे शेतही तोट्याचे, आणि साधनसामग्री भरपूर असेल तर लहान शेतही फायद्याचे. मग खरे दुखणे कोणते? जमिनीला बिलगून बसलेली, काम नसलेली माणसे. हे निरुद्योगी श्रम उत्पन्नात भर घालीत नाहीत. उलट झालेले उत्पन्न खाऊन टाकतात. म्हणून शेतीच्या दुखण्यावरचे औषध शेताच्या बांधावर नसून उद्योगधंद्यांच्या वाढीत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या निष्कर्षाची प्रचीती आज आकडेच देतात. तुकडेबंदीचा आणि एकत्रीकरणाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली झाला. तो झाला म्हणून खाती मोठी झाली काय? देशाची पहिली कृषिगणना १९७०-७१ साली झाली, तेव्हा सरासरी खाते २.२८ हेक्टरांचे होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.०८ हेक्टरांवर आले. कायद्याने तुकडे करण्यास बंदी केली. पण शेतीवाचून दुसरे पोटाचे साधन नाही अशा माणसाच्या संसाराचे तुकडे होण्यास बंदी कोण करणार?

आता मी आपले लक्ष एका सूक्ष्म मुद्द्याकडे वेधू इच्छितो. कृषिगणना मोजते काय? ती वहितीची खाती मोजते. ज्याच्याकडे वहितीला जमीनच नाही त्याचे खाते नाही आणि ज्याचे खाते नाही तो या गणनेत नाही. २०१५-१६ च्या गणनेनुसार देशातील एकूण खात्यांपैकी अनुसूचित जातींची खाती शेकडा १२ च्या आत होती, आणि एकूण क्षेत्रापैकी त्यांच्याकडे शेकडा ९ देखील नव्हते. त्यांचे सरासरी खाते ०.७८ हेक्टरांचे होते. हे झाले ज्यांना जमीन आहे त्यांच्याविषयी. ज्यांना ती मुळीच नाही त्यांचा शोध दुसऱ्या दप्तरात, म्हणजे जनगणनेत घ्यावा लागतो. १९५१ साली देशात सुमारे ७ कोटी शेतकरी आणि २ कोटी ७३ लाख शेतमजूर होते. २०११ साली शेतकरी ११ कोटी ८८ लाख आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख झाले. साठ वर्षांत पारडे फिरले; जमीन कसणाऱ्यांत मालकापेक्षा मजूर अधिक झाला. तरीसुद्धा ‘शेतीचा प्रश्न’ म्हटले की आपल्याकडे चर्चा होते ती भावाची, कर्जाची आणि पाण्याची. मजुरीची चर्चा झाली तर ती ‘मजुरी महाग झाली’ या तक्रारीच्या रूपाने होते. ही संशोधनाची दृष्टी नव्हे. ही मालकाच्या ओसरीवरून दिसणारी दृष्टी होय.

कायदा आणि संशोधन यांचा संबंध कसा असतो, याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच प्रांतात घडले आहे. मुंबई कूळवहिवाट आणि शेतजमीन कायदा १९४८ साली झाला. कागदावर कुळाला संरक्षण मिळाले. प्रत्यक्षात काय झाले, हे पाहण्यासाठी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि जी. जे. खुदानपूर यांनी पाहणी केली व तिचा अहवाल १९५७ साली प्रसिद्ध झाला. कुळांनी ‘राजीखुशीने’ जमिनी सोडून दिल्याच्या नोंदी दप्तरी होत्या. पण ही राजीखुशी बहुतांशी नावाचीच होती आणि खंडही पुष्कळ ठिकाणी जुन्या वहिवाटीप्रमाणेच वसूल होत होता, असे त्या पाहणीतून दिसून आले. न्यायालयासमोर एकेक कूळ एकटे उभे राहते आणि सही केलेला राजीनामा त्याच्या तोंडावर मारला जातो. परंतु गावोगावी तोच राजीनामा, तेच शब्द आणि तोच काळ आहे हे जेव्हा संशोधक दाखवून देतो, तेव्हा एकट्याचे गाऱ्हाणे हा समाजाचा पुरावा होतो.

मात्र याही कायद्याची एक मर्यादा होती. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी जमीन मिळावयाची ती कुळाला. जो कूळही नव्हता, केवळ सालदार होता किंवा रोजंदारीचा मजूर होता, त्याच्यासाठी त्यात काही नव्हते. ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेतला ‘कसणारा’ कोण, हे ठरविताना नांगर धरणाऱ्या हाताकडे पाहिले गेले नाही. कागदाकडे पाहिले गेले. १९४७ साली घटनासमितीसाठी सिद्ध केलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा आणि ती सामुदायिक पद्धतीने कसली जावी अशी योजना मांडली होती. तिच्यामागे हाच विचार होता. केवळ कुळाला मालक केल्याने मजूर भूमिहीनच राहतो, हे त्यांनी आधीच ओळखले होते.

आपल्या समाजाची जमीन म्हणून जी काही होती ती वतनाची. ती जमीन नव्हती, ते वेठीचे वेसण होते. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, ते पुढच्या वर्षी त्यांना मागे घ्यावे लागले. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने नष्ट झाली. ठरलेली भोगवटा-किंमत भरल्यावर जमिनी पुन्हा वतनदारांना द्यावयाच्या, पण कलेक्टरच्या पूर्वपरवानगीवाचून त्यांचे हस्तांतर होऊ नये, अशी त्यात तरतूद होती. हेतू संरक्षणाचा होता. परंतु किती ठिकाणी किंमत भरली गेली, किती ठिकाणी मुदत टळली आणि किती ठिकाणी परवानगीवाचून जमीन परहस्ते गेली, याची गाववार मोजदाद आपण केली आहे काय? दप्तरे उपलब्ध आहेत; त्यांत डोके घालणारी माणसे हवीत.

वतनानंतर उरते ती पडीक सरकारी जमीन, म्हणजे गायरान. १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून तोच लढा देशव्यापी झाला आणि हजारो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. पुढे महाराष्ट्र शासनाने १९९१ साली, १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय केला. पण नियमित व्हावयाचे तर पुरावा पाहिजे, आणि येथेच आपला पक्षकार हरतो. माझ्याकडे येणारा मनुष्य सांगतो, ‘साहेब, बापाने दगड वेचून हे रान केले, तीस वर्षे पेरतो आहे.’ मी विचारतो, ‘नोंद कोठे आहे?’ तो आपल्या हाताचे घट्टे दाखवितो. घट्ट्यांवर प्रदर्श क्रमांक पडत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी लागते. म्हणजे ज्याची नोंद आहे त्याच्या बाजूने कायदा बोलतो आणि ज्याची नोंद नाही त्याला स्वतःच बोलावे लागते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. गायरान नांगरले तर गुरांनी चरावे कोठे, माती वाहून जाईल, सर्व गावाची सामाईक संपत्ती नष्ट होईल, असे म्हणतात. हा आक्षेप खोटा नाही. सामाईक कुरण, ओढे आणि तळी यांवर दुर्बळांचाच निर्वाह अधिक असतो. ज्याच्या स्वतःच्या बांधावर वैरण आहे त्याला कुरणाची गरज कमी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटविण्याचा आदेश दिला, त्यामागे हीच काळजी होती. परंतु त्याच निर्णयात, शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना अथवा अनुसूचित जातिजमातींना पट्ट्याने जमीन दिलेली असेल, किंवा तेथे शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय असेल, तर अपवाद करता येईल, असेही म्हटले आहे. आदेश वाचणारे पुष्कळ, अपवाद वाचणारे थोडे. सबब गायरानाची मोजणी करावयाची ती पुरी करा. धनिकाने बांध सरकवून किती घेतले, संस्थेच्या इमारतीखाली किती गेले, आणि भूमिहीनाच्या नांगराखाली किती आहे, हे तिन्ही आकडे एका कागदावर येऊ द्या. मग गावची माती कोणी खाल्ली याचा निवाडा होईल. एकाच आकड्यावर बोट ठेवणे हे पर्यावरणाचे रक्षण नसून जुन्या वैराला दिलेले नवे नाव आहे.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे १९६८ ते १९७२ या काळात कृषि विद्यापीठे स्थापन झाली. त्यांनी पिकांच्या जाती शोधल्या, त्याबद्दल त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्यांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझे सांगणे एवढेच की, खुरपणाऱ्या बाईच्या हाती संध्याकाळी किती पैसे पडतात, औषध फवारणाऱ्या गड्याच्या नाकावर फडके तरी असते की नाही, हेही प्रबंधाचे विषय आहेत. ते कोणी देणार नाही. ते मागून घ्यावे लागतील.

आणि कार्यकर्त्यांनी काय करावे? प्रत्येक गावी एक वही घाला. तिच्यात गायरानाचे गट क्रमांक आणि क्षेत्र लिहा. अतिक्रमणांची नोंदवही म्हणजे गाव नमुना एक-ई. तिचा उतारा आणि सात-बारावरील पीक पाहणीचे जुने उतारे मागा. नाकारले तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा हाती आहे. दंडाची प्रत्येक पावती जपून ठेवा. दंडाची पावती हा तुमच्या कब्जाचा सरकारने स्वतः दिलेला दाखला आहे. वस्तीच्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात आटते आणि शेजारच्या बागाइताचे केव्हा आटते, हे लिहा. पुरुषाची आणि स्त्रीची मजुरी निरनिराळी लिहा आणि ती स्त्रीलाच विचारून लिहा. ऐकीव काही लिहू नका, फुगवून लिहू नका. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्टही लिहा. कारण उलटतपासणीत जी वही एका ठिकाणी खोटी ठरते ती सर्व ठिकाणी खोटी ठरते. तारीख घाला, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या.

शंभर वर्षांपूर्वी आपल्या खेड्याचा हिशेब एका परक्या शास्त्रज्ञाने मांडला आणि त्या काळच्या हिशेबांचा खरा अर्थ बाबासाहेबांनी सांगितला. त्यानंतर आपल्यातून वकील झाले, प्राध्यापक झाले, कृषि पदवीधरही झाले. आता आपला हिशेब दुसऱ्याने लिहावा म्हणून वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी, पेरणीच्या आधी, निदान एकेका तालुक्यातील दहा गावांच्या वह्या पुऱ्या व्हाव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय भीम!