रोगाचा हिशेब जंतूपासून सुरू होत नाही
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रोगाकडेही हिशेबाच्या नजरेने पाहण्याची सवय जडली आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात संसर्गजन्य रोगाचा हिशेब सुरू होतो तो माणूस कोठे झोपतो, काय खातो आणि दवाखान्यापासून किती दूर राहतो, येथून.

सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतलेल्या जवानाचेच पाहा. सेवेत असताना मच्छरदाणी, शिधा आणि तपासणी यांची काळजी पलटण घेत असे. गावी शेती आणि रात्रीची राखण वाट्यास येते. माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना एप्रिल २००३ पासून आहे. परंतु तिची पॉलीक्लिनिके शहरांत आहेत आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो.

त्याच्या शेजारच्या वनमजुरास निवृत्तिवेतनही नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्त्यासाठी जंगल, धान पिकू लागले की राखणीसाठी मचाण. घराच्या भिंतींवर फवारणी होते, पण तो रात्री घरात नसतो. महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा भार गडचिरोली जिल्हा वर्षानुवर्षे वाहत आहे आणि त्यात फॅल्सिपेरम हा घातक प्रकार प्रमुख आहे. वेळेवर निदान झाल्यास तीन दिवसांच्या गोळ्यांनी तो आटोक्यात येतो. अंगावर काढल्यास मेंदूपर्यंत पोहोचतो. ताप अंगावर काढण्यामागे अनेकदा अज्ञान नसते, बुडणारी मजुरी असते.

क्षयरोगाचेही तेच. झारखंडमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे दिल्यावर त्यांच्यातील नवे क्षयरुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. शासनाचे पोषण-साहाय्य २०१८ मध्ये मासिक ५०० रुपयांनी सुरू झाले व नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले, हे स्वागतार्ह आहे. मात्र ती रक्कम रुग्णाच्या नावे जमा होते. घरात ताटे चार-पाच असतात.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. आपल्या देणगीचा काही भाग मच्छरदाण्या, रुग्णाच्या घरचा शिधा, सोबत येणाऱ्याचे प्रवासभाडे आणि बुडित मजुरी यांसाठी राखून ठेवावा. ताळेबंदात हे खर्च औषधांच्या खाली किरकोळ म्हणून दिसतील. प्रत्यक्षात औषध लागू पडते ते त्यांच्याच बळावर.