अकादमी पुरे, दुसरा संघ काढा



पत्रिकेवर विषय छापलाय 'व्यावसायिक क्लबांच्या फुटबॉल अकादमी'. पण मला बोलायचंय ते अकादमी संपते तिथून पुढचं. संयोजकांना हे आधी सांगितलं असतं तर त्यांनी कदाचित दुसरा वक्ता शोधला असता. (हशा) शिवाय पुण्याहून येऊन कोल्हापुरात फुटबॉलवर बोलायचं, याला धाडस म्हणा नाहीतर आगाऊपणा म्हणा. शिवाजी पेठेची मंडळी डावीकडं बसलीत आणि मंगळवार पेठेची उजवीकडं. मी आपला मधल्या खुर्च्यांकडं बघून बोलतो. (हशा)

माझं म्हणणं एका वाक्यात सांगून टाकतो, म्हणजे कुणाला लवकर निघायचं असेल तर निघता येईल. पोरगा अकादमीत शिकतो, पण खेळाडू होतो तो क्लबाच्या दुसऱ्या संघात. आणि तो दुसरा संघसुद्धा असा हवा, की ज्याला हरल्याची किंमत मोजावी लागते.

आपल्याकडं आता गावोगावी अकादमी आहेत. रंगीत जर्सी, मैदानावर मांडलेले प्लास्टिकचे शंकू, महिन्याची फी, गेटपाशी स्कूटरवर बसलेले पालक. वाईट काहीच नाही त्यात. आठ वर्षांच्या पोराच्या पायात बॉल आला, तर आनंदच आहे. माझा प्रश्न अठराव्या वर्षाचा आहे. शंकूंमधून सुरेख बॉल काढणारा हा पोरगा अठरा वर्षांचा झाला की त्यानं कुणाशी खेळायचं? मोठ्या संघात जागा नाही आणि लहानांत वय बसत नाही. आपल्याकडं इथंच पोरगा गळतो. दोन वर्षं बाकावर बसतो आणि मग घरचे म्हणतात, आता परीक्षा दे.

यासाठी मी आज एकच क्लब घेतलाय, रेआल माद्रिद. बार्सिलोनाची मंडळी हात वर करताहेत, ते मला दिसतंय. त्यांच्या अकादमीवर, ला मासियावर, तुम्ही इतकं वाचलंय की मी आणखी काय सांगणार! माद्रिदचं नाव मात्र खरेदीसाठीच प्रसिद्ध. पैसे फेकून माणसं आणणारा क्लब, ही त्याची ख्याती. अशा क्लबालाही दुसरा संघ लागतो, म्हणून तर त्याचं उदाहरण घ्यायचं.

माद्रिदच्या युवा विभागाला 'ला फाब्रिका' म्हणतात. अगदी चिमुरड्यांपासून सुरुवात, मग वयाप्रमाणे एकेक इयत्ता वर. तो जिना तुम्हाला ठाऊक आहे, मी पायऱ्या मोजत बसत नाही. जिना संपतो तिथं कास्तिया उभी आहे. कास्तिया म्हणजे रेआल माद्रिदचा दुसरा संघ. विमानतळाजवळ वाल्देबेबासला क्लबाचं सराव संकुल आहे, तिथं डी स्टेफानोच्या नावाचं छोटं स्टेडियम आहे, तिथं ही पोरं खेळतात. कुणाशी? फक्त इतर क्लबांच्या पोरांशी नव्हे. स्पेनच्या खऱ्याखुऱ्या लीगमध्ये, सध्या तिसऱ्या पायरीवर, गावोगावच्या संघांशी. समोरचा सेंटर बॅक बत्तीस वर्षांचा असतो. घरी बायको, दोन पोरं, फ्लॅटचा हप्ता. त्याला हा सामना जिंकायचाच असतो, कारण संघ खाली घसरला तर पुढच्या वर्षी कोण पगार देणार? तुमच्या एकोणीस वर्षांच्या पोराचं ड्रिब्लिंग किती देखणं आहे, याच्याशी त्याला काहीही देणंघेणं नसतं.

२०१८ साली माद्रिदनं ब्राझीलमधून एक पोरगा आणला, व्हिनिसियस. सुमारे साडेचार कोटी युरो मोजले होते. आपण काय केलं असतं? हारतुरे घालून थेट मोठ्या स्टेडियमवर उभा केला असता. त्यांनी त्याला आधी कास्तियाकडून खेळवलं. अॅटलेटिकोच्या दुसऱ्या संघाशी सामना होता. व्हिनिसियसनं दोन गोल मारले आणि त्याच सामन्यात समोरच्या एका खेळाडूनं त्याच्या डोक्याला चावा घेतला. (मोठा हशा) हसू नका, खरं सांगतोय. साडेचार कोटी युरोंचं डोकं! अकादमीच्या अभ्यासक्रमात हा धडा कुठं असतो? (टाळ्या)

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती मला पाच मिनिटांत आटपायची होती. बघू.

१९८० साल. स्पेनमध्ये तेव्हा राखीव संघांनाही राजाच्या चषकात, म्हणजे कोपा देल रेमध्ये खेळू द्यायचे. कास्तिया दुसऱ्या डिव्हिजनमधला संघ. चषकात उतरला आणि पहिल्या डिव्हिजनमधले चार संघ एकामागून एक काढले: एर्क्युलेस, अॅथलेटिक बिल्बाओ, रेआल सोसिएदाद, स्पोर्टिंग खिखोन. सोसिएदाद त्या वर्षी काय ताकदीचा संघ होता, हे इथल्या जुन्या जाणत्यांना सांगायला नको. पुढची दोन्ही वर्षं स्पेनचं लीग विजेतेपद त्यांनीच नेलं. तर हे सगळे गडी बाद करून कास्तिया अंतिम सामन्यात पोचली. आणि समोर कोण? रेआल माद्रिद! ४ जून १९८०, बेर्नाबेऊ स्टेडियम. एका घरातले दोन भाऊ एकाच मैदानात. थोरल्यानं धाकट्याला ६-१ असं बदडलं. (हशा) तुमच्याकडं असा सामना झाला असता तर धाकट्याला निदान तीन गोल सोडले असते, नाही का? मंगळवार पेठ नाही म्हणतेय. (हशा)

पण गोष्ट इथं संपत नाही. माद्रिदनं लीगही जिंकली होती, म्हणजे ते युरोपियन कपला जाणार. मग चषक विजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेतली स्पेनची जागा उपविजेत्याला. म्हणजे कास्तियाला! एका क्लबाचा राखीव संघ युरोपात निघाला. पहिल्याच फेरीत गाठ पडली लंडनच्या वेस्ट हॅमशी. वेस्ट हॅमही तेव्हा इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता, पण ब्रूकिंगच्या हेडरवर आर्सेनलला हरवून एफए कप घेऊन आलेला. बेर्नाबेऊवर वेस्ट हॅमनं आधी गोल केला, पण कास्तियानं तीन परत केले. ३-१. स्टेडियमवर इंग्लिश प्रेक्षकांनी दंगा केला, म्हणून परतीचा सामना रिकाम्या मैदानात घ्यायची शिक्षा झाली.

१ ऑक्टोबर १९८०, अप्टन पार्क. अधिकृत नोंद आहे २६२ माणसांची. त्यात खेळाडू, पंच, पत्रकार, कर्मचारी कोण कोण धरले ते धरले, पण प्रेक्षक नाहीत. एरवी ज्या मैदानात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, तिथं कोचची प्रत्येक हाक आणि बॉलला बसलेली प्रत्येक लाथ ऐकू येत होती. मध्यंतराला वेस्ट हॅम ३-० पुढं. मग कास्तियाच्या बेर्नालनं लांबून एक हाणला आणि एकूण हिशेब ४-४ वर आणला. जादा वेळ! राखीव संघातली पोरं, परक्या देशात, एका इंग्लिश संघाला १२० मिनिटं खेळायला लावताहेत. जादा वेळेत डेव्हिड क्रॉसनं आणखी दोन मारले, त्याची हॅटट्रिक झाली आणि ५-१ नं कास्तिया बाहेर पडली. पण चषकाचा अंतिम सामना खेळलेल्या त्या कास्तियातले गोलकीपर अगुस्तिन आणि गायेगो पुढं माद्रिदच्या मोठ्या संघात स्थिरावले. सहा गोल खाल्लेले, चार मोठे संघ हरवलेले खेळाडू होते ते. त्यांना मोठ्या संघात घेताना कोचला विचार कसला करायचा होता?

पुढं राखीव संघांना या चषकाची दारं बंद झाली. माझ्या मते स्पेनच्या फुटबॉलनं केलेल्या चुकांत ही मोठी चूक. (अध्यक्षांकडून चिठ्ठी) दहा मिनिटं? अहो, अजून बुत्रागेन्यो यायचाय!

बरं, भराभर. १९८३-८४ ची कास्तिया. अमान्सियो कोच. बुत्रागेन्यो, सांचिस, मार्टिन वास्केझ, मिचेल, पार्देझा. एकाच संघात पाच जण! 'एल पाइस'मध्ये हुलियो सेसार इग्लेसियासनं त्यांच्यावर लेख लिहिला आणि त्यांना 'किंता देल बुइत्रे' हे जे नाव पडलं, ते आजही टिकून आहे. फेब्रुवारी १९८४ मध्ये कादिझला मोठा संघ ०-२ नं मागं होता. मोठ्या संघाचा तेव्हाचा कोच डी स्टेफानोनं बुत्रागेन्योला उतरवलं, त्यानं दोन गोल मारले आणि माद्रिद ३-२ नं जिंकलं. पहिलाच सामना, पण पोरगा बुजला नाही. बुजणार कसा? तो दुसऱ्या डिव्हिजनमधल्या दांडग्यांशी दर आठवड्याला झुंजून आलेला होता. पुढं १९८६ ते १९९० सलग पाच लीग, हे तुम्हाला पाठच असणार.

अलीकडचा एक सांगतो, कार्वाहाल. २००४ मध्ये वाल्देबेबासची कोनशिला बसवली, तेव्हा डी स्टेफानोंच्या बरोबर उभा असलेला बारा वर्षांचा मुलगा तो. आपल्याकडं अशा मुलाचा फोटो छापतात आणि पुढं त्याचं काय झालं, ते कुणी विचारत नाही. हा पोरगा कास्तियात आला. २०१२ साली तो, नाचो, मोराता यांनी मिळून संघ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये चढवला. आणि त्याच उन्हाळ्यात क्लबानं त्याला जर्मनीत लेव्हरकुसेनला विकला! मात्र करारात परत घेण्याची अट घालून. वर्षभरानं जास्त पैसे मोजून परत आणला. १ जून २०२४ ला वेम्बलीवर, डॉर्टमुंडविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात क्रूसच्या कॉर्नरवर पहिला गोल हेडरनं कुणी मारला? कार्वाहालनं. आणि कप उचलला कर्णधार नाचोनं. कास्तियाचे दोघं.

(प्रेक्षकांतून: "मग राउलचं काय? तो कुठं कास्तियातून आला?")

होय, हा प्रश्न येणार हे माहीत होतं. राउल सतराव्या वर्षी, १९९४ मध्ये, जवळजवळ थेट तिसऱ्या संघातून वर गेला, दुसऱ्यात रमलाच नाही. मान्य. पण तिसरा संघ म्हणजे काय, बालवाडी होती का? तोही लीगमध्ये मोठ्या माणसांशीच खेळायचा. माझं म्हणणं मोडत नाही, उलट आणखी एक पायरी खाली जातं. (हशा) "लामिन यामाल?" त्याचं नाव काढू नका हो. पंधराव्या वर्षी मोठ्या संघात जाणाऱ्या पोराला कुठलाच नियम लागू होत नाही. मी इथं बसलेल्या बाकीच्यांच्या पोरांबद्दल बोलतोय. (टाळ्या)

आता घरचं. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला. तुमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता. (जोरदार टाळ्या) थांबा, थांबा. त्यातल्या बऱ्याच पोरांना मग 'इंडियन अॅरोज' या संघातून आय-लीगमध्ये उतरवलं. कल्पना उत्तम होती, म्हणजे साऱ्या देशाचा दुसरा संघ. पण त्यात एक मेख होती. विकसनाचा संघ म्हणून अॅरोजला खालच्या डिव्हिजनमध्ये घसरण्याचा धोका नव्हता. हरा, जिंका, पुढच्या वर्षी तुम्ही आहातच. शाळेत सगळ्यांना वर ढकलतात, तसं झालं ते. स्पेनमध्ये कास्तिया खराब खेळली तर घसरते, घसरलेली आहे. २०२२ मध्ये अॅरोज बंदच झाला. मी म्हणतो, तो बंद करायचा नव्हता. घसरण्याची मुभा देऊन चालवायचा होता.

अध्यक्ष महोदय उठताहेत. बिल्बाओचं राहिलं, इंग्लंडचं राहिलं. शेवटचा एक प्रश्न घेतो. मागचे ते काका.

("आम्ही लहान तालमींच्या फुटबॉल संघांतले. मोठ्या तालमीनं आपला दुसरा संघ आमच्या गटात घातला, तर आम्ही जायचं कुठं?")

काका, हाच प्रश्न २०१४ मध्ये इंग्लंडातल्या छोट्या क्लबांनी विचारला. तिथल्या असोसिएशनच्या समितीनं मोठ्यांच्या 'ब' संघांना खालच्या लीगमध्ये घ्यायचं सुचवलं होतं. गावोगावचे क्लब उसळून उठले आणि तो बेत बारगळला. तुमचा राग मला पटतो. तुमच्या जागेवर कुणी येऊन बसलेलं मलाही चालणार नाही. पण स्पेननं नियम असा केलाय की दुसरा संघ आपल्या थोरल्याच्या डिव्हिजनमध्ये कधीच जाऊ शकत नाही. मघाशी सांगितलेल्या १९८३-८४ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पहिली आली कास्तिया आणि दुसरा आला बिल्बाओचा दुसरा संघ. वर कुणीच गेलं नाही त्यांच्यातलं. गेले कोण? तिसऱ्या नंबरचा एर्क्युलेस, चौथा सान्तांदेरचा रासिंग आणि पाचवा एल्चे. पाचवा येऊन पहिल्या डिव्हिजनमध्ये, काका! तुमच्या तालमीला हे चालत असेल तर...

(अध्यक्ष आभार मानण्यासाठी उभे राहिल्यानं व्याख्यान इथं थांबलं.)